ट्रॅप की स्कीट? मुंबईत राहून शॉटगन शिकायची असेल तर

ट्रॅप आणि स्कीट हे शॉटगनने हवेत उडणारी तबकडी फोडण्याचे दोन खेळ. दोन्हीकडे तबकडी तीच: 110 मिलिमीटर व्यासाची, 105 ग्रॅमच्या आसपास वजनाची, डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची. बंदूक बारा बोअरची, काडतुसात छर्रे जास्तीत जास्त 24.5 ग्रॅम, राउंड 25 तबकड्यांचा आणि मोठ्या स्पर्धेत पात्रता फेरी 125 तबकड्यांची. इतकं सारखं दिसलं की नवा माणूस म्हणतो, आधी बंदूक घेऊ, खेळ मग ठरवू. तिथेच पैसे बुडतात. दस्ता, नळीची लांबी, चोक (नळीच्या तोंडाचा आवळ, ज्यावर छर्ऱ्यांचा फवारा किती पसरतो ते ठरतं), छर्ऱ्यांचा आकार, अगदी जॅकेटसुद्धा खेळाप्रमाणे बदलतं. आणि परवान्यावर एकदा चढलेली बंदूक बदलायची म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा चौकशी, पुन्हा वाट बघणं.

आधी मुंबईची अडचण

शॉटगनचे छर्रे दोनशे मीटरच्या आसपास जाऊन पडतात. म्हणून रेंजसमोर अडीचशे-तीनशे मीटर मोकळी, निर्मनुष्य जागा लागते. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, अंजली भागवत यांच्यासारखे नेमबाज तिथे घडले. पण ते रायफलचं घराणं. एअर रायफलला 10 मीटरचा हॉल पुरतो. शॉटगनला आभाळ लागतं, आणि मुंबईत तीनशे मीटर मोकळी जमीन दिसली की तिच्यावर आधी टॉवरचा बोर्ड लागतो.

त्यामुळे मुंबईकराला गंभीर सरावासाठी बाहेरगाव गाठावं लागतं: दिल्लीत तुघलकाबादची डॉ. कर्णी सिंग रेंज (1982 च्या आशियाई खेळांसाठी बांधलेली), जयपूरची जगतपुरा रेंज किंवा भोपाळजवळ मध्य प्रदेशची राज्य अकादमी. रेल्वेने भोपाळ त्यातल्या त्यात सोयीचं, संध्याकाळी सीएसएमटीहून पंजाब मेल पकडली की सकाळी तिथे. पण अकादमी मुळात तिथल्या निवडलेल्या मुलांसाठी आहे. बाहेरच्याला सराव मिळेल का, कोणत्या दिवशी, हे लेखी विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

म्हणजे नोकरी करणाऱ्या माणसाच्या वाट्याला महिन्यातला एखादा शनिवार-रविवार येतो. ट्रॅप की स्कीट हे आवडीपेक्षा या एका गोष्टीवर जास्त ठरतं.

ट्रॅप: तबकडी पळून जाते

समोर 15 मीटरवर जमिनीत खंदक असतो. त्यात तबकडी फेकणारी 15 यंत्रं, प्रत्येक स्टेशनसमोर (म्हणजे नेमबाजाच्या उभं राहायच्या जागेसमोर) तीन. स्टेशनं पाच, स्क्वॉड सहा जणांचा, सहावा पहिल्या स्टेशनमागे उभा राहतो. एक तबकडी मारायची आणि उजवीकडच्या स्टेशनवर सरकायचं. बंदूक आधीच खांद्याला लावलेली असते. तुम्ही आवाज दिला की माईक तो पकडतो आणि तबकडी तत्क्षणी सुटते. तीन यंत्रांपैकी कोणतं सुटेल ते कळत नाही. तबकडी डावी-उजवीकडे 45 अंशांपर्यंत जाऊ शकते, 10 मीटरवर तिची उंची दीड ते साडेतीन मीटरच्या दरम्यान कुठेही असते आणि मोकळी सोडली तर 76 मीटरवर पडते. राउंडमध्ये प्रत्येकाला 10 डाव्या, 10 उजव्या आणि 5 मधल्या मिळतात, म्हणजे कोणावर अन्याय नाही. फक्त क्रम माहीत नसतो.

दिलासा एवढाच की पात्रता फेरीत प्रत्येक तबकडीला दोन गोळ्या मिळतात. दुसऱ्या नळीने फुटली तरी गुण पूर्ण.

चुका साध्या दिसतात. तबकडी नीट बघायच्या नादात गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि छर्रे वरून जातात. पहिली चुकली की घाबरून दुसरी लगेच ओढली जाते, बंदूक अजून पहिल्याच जागी असते. तिसरी चूक जास्त छुपी: मागची तबकडी डावीकडे गेली म्हणून डोळे नकळत डावीकडे वळून थांबतात. हिच्यावर तबकड्यांच्या संख्येशिवाय औषध नाही. शेकडो वेळा अनपेक्षित दिशेला तबकडी गेली की मगच डोळे मध्यावर शांत राहायला शिकतात.

स्कीट: तबकडी माहीत असते, तुम्ही तयार नसता

इथे अर्धवर्तुळ. दोन्ही टोकांना तबकडी फेकणारी एकेक खोली. डाव्या टोकाला हाय हाउस, तबकडी तीन मीटरच्या किंचित वरून निघते. उजव्या टोकाला लो हाउस, साधारण एका मीटरवरून. सात स्टेशनं कमानीवर, आठवं मधोमध. दोन्हीकडच्या तबकड्या प्रत्येक वेळी त्याच वाटेने जातात, 68 मीटरपर्यंत. क्रमही ठरलेला: पहिल्या तीन स्टेशनांवर हाय हाउसची एकेरी आणि मग जोडी (दोन्ही हाउसच्या तबकड्या एकदम), चौथ्यावर दोन्ही एकेरी, पाचव्या-सहाव्यावर लो हाउसची एकेरी आणि जोडी, सातव्यावर फक्त जोडी, मग परत चौथ्यावर येऊन दोन जोड्या, उलटसुलट, शेवटी आठव्यावर दोन एकेरी. झाल्या पंचवीस.

सोपं वाटतं ना? दोन गोष्टी ते सोपेपण काढून घेतात. एक, आवाज दिल्यावर तबकडी शून्य ते तीन सेकंदांत कधीही सुटते. दोन, ती दिसेपर्यंत दस्ता खाली धरावा लागतो, जॅकेटवर कोपराच्या उंचीला शिवलेल्या पिवळ्या पट्टीला टेकवून. तबकडी दिसण्याआधी बंदूक हलली तर पंच ती रद्द करून ताकीद देतात. पुन्हा केलं तर तबकडी गेली. दुसरी गोळीही नाही. एका तबकडीला एकच.

चौथ्या स्टेशनवर तबकडी समोरून आडवी जाते, तिच्या एक मीटरहून जास्त पुढे मारावं लागतं आणि गोळी सुटल्यावरही नळी चालू ठेवावी लागते. नवख्याची नळी ट्रिगर ओढताना थांबते. छर्रे मागून जातात. आठव्यावर उलट, तबकडी जवळजवळ डोक्यावर येते, विचार करायला वेळच नसतो. पण इथली गंमत अशी की प्रत्येक चुकीला पत्ता असतो. 'दुसऱ्या स्टेशनच्या जोडीतली लो हाउसची मागे राहते,' असं नेमकं सांगता येतं आणि तेवढंच दुरुस्त करता येतं.

काडतुसांचा हिशेब

स्कीटच्या राउंडला 25 काडतुसं, एक कमी नाही, एक जास्त नाही. ट्रॅपला 25 आणि पहिल्या नळीने जितक्या चुकल्या तितकी अधिक. नवशिक्याच्या पहिल्या नळीने दहा फुटल्या तर काडतुसं गेली 40. शनिवार-रविवारात आठ राउंड धरा: स्कीटला 200, ट्रॅपला 320. काडतुसांचं खोकं 250 चं येतं, म्हणजे स्कीटवाल्याचं एकात भागतं आणि ट्रॅपवाल्याला दुसरं फोडावं लागतं. शिकत असताना ट्रॅप महाग पडतो आणि जसा हात बसतो तसा स्वस्त होत जातो, हे त्याचं विचित्र अर्थकारण.

काडतूसही वेगळं. ट्रॅपला साडेसात नंबर, छर्रा सुमारे 2.4 मिलिमीटरचा, 24 ग्रॅममध्ये साधारण तीनशे. लांबवर जोर टिकावा म्हणून. स्कीटला नऊ नंबर, 2 मिलिमीटरचा, तेवढ्याच वजनात पाचशेच्या आसपास. अंतर कमी असल्याने दाट फवारा हवा. खोक्यावर वजन 24 ग्रॅम लिहिलंय ना, हे बघूनच घ्या. शिकारीसाठी भरलेली जड काडतुसं स्पर्धेत चालत नाहीत.

विमानाने जाणाऱ्यांनी वजनाचा विचार करावा. 250 चं खोकं नऊ किलोंच्या घरात जातं आणि विमान कंपन्या साधारण पाच किलोंपर्यंतच काडतुसं घेतात, तीही चेक-इन सामानात आणि आधी कळवून.

बंदूक: एकच घेता येणार आहे असं धरून चाला

ट्रॅपची बंदूक लांब, नळी 30 ते 32 इंच, चोक घट्ट, दस्ता उंच; चढत्या तबकडीवर मारायचं म्हणून ती मुद्दाम थोडं वर मारते. स्कीटची नळी 28 ते 30 इंच, चोक मोकळा, वजन असं की ती कमरेतून खांद्यावर सहज यावी. ट्रॅपची बंदूक घेऊन स्कीट खेळलात तर फवारा जवळच्या अंतरावर ताटलीएवढा होतो आणि छर्रे तबकडीच्या वरून जातात. उलट केलंत तर तीस-पस्तीस मीटरवर फवारा विरतो. तबकडीला एखादा छर्रा लागतो, ती डगमगते, पण फुटत नाही. तुकडा पडलेला दिसला नाही तर गुण नाही.

मधला मार्ग म्हणजे 30 इंची, चोक बदलता येणारी आणि दस्त्याचा गालाखालचा भाग वर-खाली करता येणारी बंदूक. पहिली तीन-चार वर्षं ती दोन्हीकडे पुरते. जुन्या बंदुकांमध्ये डबल ट्रॅपसाठी (ट्रॅपचाच प्रकार, पण दोन तबकड्या एकदम सुटतात) घेतलेल्याही निघतात. राज्यवर्धन सिंग राठोड यांनी 2004 मध्ये अथेन्सला रौप्य मिळवलं तो हा प्रकार. 2016 नंतर तो ऑलिंपिकमधून गेला. अशी बंदूक वाईट नसते, पण चोक बदलता येत नसेल तर स्कीटचा विचार असणाऱ्याने तिच्या नादी लागू नये.

असोसिएशनची शिडी आणि परवाना

नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एनआरएआय, 1951 मध्ये स्थापन झाली. संस्थापक दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष. त्यांच्याच नावाची अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा ही नॅशनल्सच्या आधीची पायरी आहे. क्रम साधारण असा: राज्य संघटनेचं सदस्यत्व, एनआरएआयचा शूटर आयडी, राज्य स्पर्धा, पश्चिम विभाग किंवा मावळंकर, मग नॅशनल्स, आणि तिथे गुण आले तर भारतीय संघाच्या निवड चाचण्या. शॉटगनची नॅशनल्स रायफल-पिस्तुलापासून वेगळी भरते. प्रत्येक पायरीवर किमान पात्रता गुण असतात. ते परिपत्रकाने जाहीर होतात आणि बदलतात, म्हणून गेल्या वर्षीचा आकडा पाठ करून जाऊ नका.

लक्षात ठेवायचं ते हे की ट्रॅप आणि स्कीट हे इथे दोन वेगळे प्रकार आहेत. ट्रॅपमध्ये मिळवलेली पात्रता स्कीटला लागू होत नाही. 'रिनाउंड शॉट' हा दर्जाही ठरावीक गुणांवर मिळतो आणि बंदूक-काडतुसं आयात करण्याची वाट त्या दर्जातून उघडते. दोन्हीकडे अर्धा-अर्धा वेळ देणारा बहुधा दोन्हीकडे उंबरठ्याबाहेर राहतो. ट्रॅपला गर्दी जास्त आणि परंपराही मोठी: कर्णी सिंग यांचं 1962 चं कैरोतलं जागतिक रौप्य, मानवजित सिंग संधू यांचं 2006 चं जागतिक विजेतेपद. स्कीटमध्ये अनंतजित सिंग नरुका आणि महेश्वरी चौहान यांचं पॅरिसमधलं मिश्र सांघिक कांस्य 2024 मध्ये एका तबकडीने हुकलं, 43-44.

मुंबईत परवाना पोलीस आयुक्तालयाकडून. अर्ज ऑनलाइन, सोबत असोसिएशनचं पत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. वय 21 पूर्ण हवं. बारा वर्षांपुढच्या मुलांना देखरेखीखाली प्रशिक्षण घेता येतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. नेमबाजांना जास्तीची सूट आहे, पण ती दर्जाप्रमाणे वाढते.

तीन ठिकाणी लोक अडकतात. परवान्यावर वैधतेचं क्षेत्र फक्त महाराष्ट्र लिहिलेलं असतं आणि रेंज असते भोपाळला. काडतुसांचा कोटा सामान्य माणसाचा पडतो, जो एका शिबिरातच संपतो. अर्जातच नेमबाज म्हणून कोटा मागावा लागतो. आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यातून शस्त्र जमा करण्याचा निरोप येतो. स्पर्धेत उतरणाऱ्या एनआरएआयच्या सदस्यांना त्यातून सूट असते, पण ती आपोआप मिळत नाही. असोसिएशनचं पत्र आणि स्पर्धेचं परिपत्रक घेऊन जावं लागतं.

मग घ्यायचं काय?

महिन्यातून दोनच दिवस रेंजवर जाणाऱ्या मुंबईकराने स्कीट घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण स्कीटचा निम्मा खेळ घरात होतो. आरशासमोर, रिकाम्या बंदुकीत स्नॅप कॅप (सरावाचं नकली काडतूस) घालून, कमरेतून खांद्यावर बंदूक आणायची. रोज पन्नास वेळा. डोळे मिटून आणायची, डोळे उघडल्यावर नळीवरची पट्टी डोळ्याच्या रेषेत दिसली पाहिजे. भिंत आणि छत जिथे मिळतात ती रेषा तबकडीची वाट समजून नळी तिच्यावरून फिरवायची. दोन काळज्या घ्या: बंदूक सव्वा मीटर लांब आहे आणि वन बीएचकेमधला पंखा खाली आहे, आणि पडदे लावा, नाहीतर समोरच्या इमारतीतल्या काकू पोलिसांना फोन करतील, आणि त्यांचं चूकही नसेल. पावसाळ्यात खारी हवा नळीला आठवड्यात गंज चढवते. सराव झाला की तेलाचा हात फिरवल्याशिवाय बंदूक कपाटात ठेवू नका.

ट्रॅपला असा घरचा सराव नाही म्हटलं तरी चालेल. बंदूक आधीच खांद्यावर असते. शिकायचं असतं ते अनपेक्षिताला सामोरं जाणं, आणि ते घरी कोणी फेकून दाखवत नाही. ज्यांना सलग दहा-पंधरा दिवस दिल्लीला राहता येतं, म्हणजे कॉलेजची मुलं, निवृत्त मंडळी, स्वतःचा धंदा असलेले, त्यांनी ट्रॅप जरूर घ्यावा. खांदा दुखरा असेल आणि बंदूक वारंवार उचलवत नसेल तरीही ट्रॅपच बरा, मात्र गोळ्या जास्त सुटतात म्हणून धक्काही जास्त बसतो, हे डॉक्टरला सांगून.

तरी मन ठरत नसेल तर बंदूक घेण्याआधी एकाच दिवशी, प्रशिक्षकाच्या बंदुकीने आणि त्याच्या देखरेखीखाली, दोन्हीचे दोन-दोन राउंड करा. गुण मोजू नका. प्रत्येक चुकलेल्या तबकडीनंतर छर्रे मागे गेले, वर गेले की खाली, हे प्रशिक्षकाने सांगण्याआधी स्वतः सांगून बघा, आणि कुठल्या मैदानावर तुमचं उत्तर जास्त वेळा बरोबर येतंय ते कागदावर मांडा.