छाती माझी, माप डॉक्टरांच्या पसंतीचं

ब्रेस्ट रिडक्शनचा विचार करणाऱ्या बायकांनी हे वाचावं म्हणून लिहितेय. तक्रार अजून चालू आहे, त्यामुळे डॉक्टरांचं आणि हॉस्पिटलचं नाव देत नाही.

मान-पाठ कायम दुखायची. खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांच्या खाचा पडलेल्या, उन्हाळ्यात छातीखालची कातडी सोलवटायची. सर्जनना पहिल्याच भेटीत सांगितलं, "शोभेलसं नको, हलकं हवंय. जितकं लहान करता येईल तितकं करा, सपाट दिसलं तरी चालेल." ते म्हणाले, प्रत्येक बाजूचं साधारण अर्धा किलो काढावं लागेल. आणि मग नवऱ्याकडे वळून, "तुमची काही हरकत नाही ना?" नवरा म्हणाला, "तिचं शरीर आहे, तिलाच विचारा." त्यांनी नुसती मान हलवली.

ऑपरेशननंतर छाती वर उचललेली, गोल दिसत होती, पण भार जवळपास तसाच. सूज आहे, थांबा, असं सांगत राहिले. सूज उतरली तरी ब्राचा साइज जेमतेम एकाने कमी झाला होता. जाब विचारला तेव्हा उत्तर आलं, "मॅडम, तुमचा बांधा बघून मी प्रमाण ठेवलंय. फार लहान केलं असतं तर उद्या तुम्हीच रडत आला असता."

म्हणजे हात चुकला नव्हता, हे ठरवून केलेलं होतं! माझा संताप याचाच आहे. स्तनाग्राचा रक्तपुरवठा टिकवायला काही भाग ठेवावा लागतो, त्यामुळे किती लहान करता येईल याला मर्यादा असते, हे मला मान्य आहे. स्तनाग्र सुटं करून पुन्हा बसवण्याचीही पद्धत आहे, पण तिच्यात तिथली संवेदना सहसा जाते. ती घालवायची की नाही, हे मी ठरवायचं होतं. मला तो पर्याय सांगितलाच गेला नाही.

मग लेखी अर्ज करून कागदपत्रं मागितली. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ती ७२ तासांत द्यावी लागतात. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका, ऑपरेशन नोट मागा. माझ्या नोटमध्ये उजवीकडचं २१० ग्रॅम आणि डावीकडचं १८५ ग्रॅम काढल्याची नोंद आहे. कुठे अर्धा किलो! संमतीपत्र छापील होतं आणि मी सांगितलेल्या मापाचा त्यात एक शब्दही नव्हता.

आपल्या शरीराचं काय करायचं ते रुग्णानेच ठरवायचं, हे तत्त्व समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मांडलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आईची संमती घेऊन काढलं होतं. रुग्ण स्वतः संमती देऊ शकत असताना तिच्या वतीने दुसऱ्याने दिलेली संमती चालत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. डॉक्टरांचा हेतू चांगला होता, एवढ्याने भागत नाही.

दुसऱ्या सर्जनबाईंनी पुन्हा ऑपरेशनचा विचार करण्याआधी तीच नोट मागितली, कारण पहिल्या वेळी रक्तपुरवठा कुठल्या बाजूने राखला ते कळल्याशिवाय हात लावणं धोक्याचं. त्यांनी माझं म्हणणं माझ्याच शब्दांत केस पेपरवर लिहिलं, अपेक्षित ग्रॅम लिहिले, "याहून कमी निघालं तर का, तेही लिहीन" म्हणाल्या. तुमच्या सर्जनकडून सही करण्याआधी एवढं लिहून घ्या. लिहायला तयार नसतील तर उठून या.

फसवणूक झालीच असेल तर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची तक्रार वेगळी असते. मी दोन्हीकडे केली आहे.