महिन्याच्या बोलीवर राहायचं की अकरा महिन्यांचा करार करायचा?

"करार-बिरार कशाला? महिन्याच्या महिन्याला भाडं द्या, जायचं तेव्हा सांगा." केव्हाही बदली होऊ शकणाऱ्या माणसाला घरमालकाकडून हे ऐकून हायसं वाटतं. पण घर महाराष्ट्रात घेत असाल तर हो म्हणण्याआधी जरा थांबा.

आधी एक गैरसमज. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असं एजंटही बिनदिक्कत सांगतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, त्यातून ही अकराची प्रथा आली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आहे. भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरूचे हक्क न देता ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याची परवानगी), तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. त्याने ती टाळली तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

आता घर सोडण्याचं बघू. वेगळं काही ठरलं नसेल तर राहत्या घराची भाडेदारी महिन्यावारी धरली जाते आणि १५ दिवसांच्या लेखी नोटिशीने ती संपवता येते, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०६ सांगतं. जिन्यात भेटून सांगितलं, ती नोटीस नव्हे. लिव्ह अँड लायसन्समध्ये करारात लिहिलेली मुदत चालते, बहुधा एक महिना. खरी मेख लॉक-इनच्या, म्हणजे अमुक महिने घर सोडता येणार नाही या ओळीत असते. तिथे सहा महिने लिहिलेत आणि तिसऱ्याच महिन्यात बदली झाली, तर उरलेल्या भाड्यावरून डिपॉझिट अडकलंच म्हणून समजा.

मालकाला घर रिकामं करून हवं असेल तर चित्र उलटं होतं. भाडेकरू म्हणून राहणाऱ्याला भाडे कायद्याचं संरक्षण असतं, नुसत्या १५ दिवसांच्या नोटिशीवर त्याला बाहेर काढता येत नाही. लायसन्सवर राहणाऱ्याला मुदत संपली की घर सोडावंच लागतं. नाही सोडलं तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई. म्हणून मुदत संपल्यावर "राहा हो अजून दोन महिने" एवढ्या शब्दावर राहू नका, नवा करार करून घ्या.

मग बोलीवर राहणंच भाडेकरूच्या सोयीचं नाही का? मला नाही वाटत. कायदा बाजूने असला तरी डिपॉझिट रोख दिलं आणि पावती नाही, तर किती दिलं हे दाखवणार कशाने?

खर्चाची भीतीही फार धरू नका. भाडं १५,००० आणि डिपॉझिट ५०,००० असेल, तर अकरा महिन्यांचं भाडं अधिक डिपॉझिटवरचं १० टक्क्यांनी होणारं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. अंगठा आणि फोटो घरबसल्या होतात, त्याचे एजंट वेगळे घेतो.

त्यामुळे माझं मत नोंदवलेल्या कराराच्या बाजूने आहे, फक्त मसुदा अंगठ्याआधी मागून घ्या. लॉक-इन काढायला लावा. नोटीस दोन्हीकडून एक महिना आणि डिपॉझिट किल्ली हातात देताना परत, हे त्यात लिहून घ्या. महिन्याच्या बोलीतली मोकळीक हवी होती ना, ती या तीन ओळींत मिळते.