डोंगरातले घर हिवाळ्यात बंद ठेवताना: पाइप रिकामे करावेत की तापते ठेवावेत?

मुंबईत सांताक्रूझ येथे नोंदले गेलेले नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस असून ते १९६२ च्या जानेवारीतले आहे. त्यामुळे नळातले पाणी गोठू शकते, हे इथल्या घरमालकाच्या किंवा प्लंबरच्या ध्यानीमनीही नसते. मनाली किंवा मुक्तेश्वरच्या बाजूला सुटीपुरते घर राखणाऱ्या मुंबईकराला मात्र दिवाळीनंतर कुलूप लावण्यापूर्वी नळव्यवस्थेचा विचार करावाच लागतो.

गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. पाइप फुटतो तो बर्फ जमला तिथेच असे नाही. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि जो सांधा सर्वांत कच्चा तो जातो. बर्फ वितळेपर्यंत गळती दिसत नाही आणि ती दिसू लागते तेव्हा घरात कोणी नसते.

नळाची धार बारीक सुरू ठेवण्याचा सर्वपरिचित उपाय राहत्या घरातल्या एखाद्या रात्रीपुरता ठीक आहे. बंद घरात टाकी रिकामी झाली की तो संपतो. पाइपांना नुसते फोमचे वेष्टन घालणेही पुरेसे नाही, कारण वेष्टन उष्णता निर्माण करत नाही, फक्त ती जाण्याचा वेग कमी करते. म्हणून खरी निवड दोनच पर्यायांत आहे.

पहिला पर्याय म्हणजे सगळी व्यवस्था रिकामी करणे. मुख्य कॉक बंद करून गच्चीवरची टाकी उपसावी, सर्वांत खालचा नळ आणि मग वरचे सगळे नळ उघडून ते तसेच उघडे ठेवावेत, आणि फ्लशची टाकी कोरडी करावी. खरी गफलत गिझरमध्ये होते. त्याच्या आत येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी सहसा एकमार्गी झडप असते, त्यामुळे घरातले सगळे नळ उघडले तरी गिझर भरलेलाच राहतो. वीज बंद करून, गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून, खालची जोडनळी सोडवल्यावरच तो रिकामा होतो. कमोड आणि बेसिनखालच्या वाकड्या नळीत दुर्गंधी अडवणारे पाणी उरतेच. ते शक्य तितके काढून तिथे प्रोपिलीन ग्लायकॉलचे गोठणरोधक ओतावे. गाडीच्या कूलंटमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते आणि ते विषारी आहे. ते शोषखड्ड्यावाटे झऱ्यापर्यंत पोहोचू शकते, म्हणून ते वापरू नये.

दुसरा पर्याय म्हणजे पाइपांवर तापणारी केबल बसवून वर वेष्टन घालणे. नाताळात बर्फ पाहायला जाणाऱ्या कुटुंबाला पोहोचताक्षणी पाणी मिळते, ही तिची मोठी सोय आहे. केबल मीटरला १५ वॅटची धरली, तर २० मीटरला ३०० वॅट, म्हणजे अखंड चालल्यास दिवसाला ७.२ युनिट वीज लागते. थर्मोस्टॅट असल्यास खर्च उतरतो. पण हिमवर्षावात तारा तुटून वीज जाते ती नेमकी कडाक्याच्या थंडीत, आणि भिंतीत गाडलेल्या पाइपांवर केबल नंतर चढवता येत नाही. जवळ राहणारा भरवशाचा माणूस नसेल तर हा पर्याय म्हणजे जुगारच आहे, असे माझे मत आहे.

फक्त मे महिन्यात जाणाऱ्यांनी निःशंकपणे घर रिकामे करावे. हिवाळ्यातही एखादी फेरी असेल, तरी मुक्काम आटोपल्यावर पुन्हा पाणी काढणेच मला श्रेयस्कर वाटते. त्यासाठी सर्वांत खालच्या जागी एक निचरा-कॉक बसवून घेतला की दर वेळी प्लंबर शोधावा लागत नाही. केबल ठेवायचीच असेल, तर ती बाहेरून येणाऱ्या उघड्या तुकड्यापुरती ठेवावी.

घर पुन्हा सुरू करताना सोडवलेली जोडनळी आधी घट्ट बसवावी, मुख्य कॉक थोडाच उघडून प्रत्येक सांधा पाहावा आणि गरम पाण्याच्या नळाला सलग धार लागेपर्यंत गिझरचे बटण दाबू नये, नाहीतर कोरडी कॉइल जळते.