फोनिक्स किट: जून ते संक्रांत वापरून झाल्यावर

पोरगी दुसरीला आहे, लातूरला, सेमीमध्ये. शाळा सुरू झाल्या तेव्हा हा फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांच्या आवाजावरून इंग्रजी वाचायला शिकवणारा डबा मागवला होता, त्यात कार्डं, प्लॅस्टिकची अक्षरं आणि क्यूआर कोड स्कॅन करून ऐकायचे आवाज.

क्रम आवडला. एबीसीडी नाही, आधी एस, ए, टी, पी, आय, एन, त्यामुळं सॅट, पिन, टॅप असले शब्द लेकरू लवकर जोडायला लागतं. पण आपला 'क' म्हणजे क् मध्ये अ आलाच, घरात सगळे क-ऍ-ट म्हणायचे आणि पोरगी 'कऍट?' करून तोंडाकडं बघायची. रेकॉर्डिंग ऐकवून काही होईना, मग पाटीवर क चा पाय मोडून दाखवला, ट चा पण मोडला, क्-ऍ-ट्, की लगेच कॅट! शाळेतली जोडाक्षरं इथं कामाला आली. पुस्तिकेत हे कुठंच नाही, मराठी घरासाठी खरं तर पहिल्या पानावर पाहिजे होतं.

आता तक्रारी. एक्सच्या कार्डावर झायलोफोन! त्यात एक्सचा आवाज झ सारखा, आणि लेकराला वाचायचंय बॉक्स, सिक्स, फॉक्स. त्यावर खोक्याचं चित्र चिकटवलं. रेकॉर्डिंगमधली बाई हॉटला 'हाट' म्हणते, शाळेत मॅडम हॉट म्हणतात, मग पोरगी भांडते. व्ही आणि डब्ल्यू आपल्याकडं दोन्ही व च, ते आरशासमोर उभं करून शिकवलं, व्हीला खालचा ओठ दाताखाली, डब्ल्यूला ओठ गोल. लॅमिनेशन दिवाळीआधीच सुटलं.

मागं ई लावली की कॅपचं केप, किटचं काईट, हे तिला लईच आवडलं, दिसेल त्या शब्दाला ई लावत सुटली. मग आले हॅव, कम, सम. "असं कसं पप्पा?" आता 26 अक्षरांत 44 च्या आसपास आवाज कोंबलेत म्हटल्यावर असंच होणार, सेड, वॉज वगैरे सरळ पाठ करून घेतले.

परवा चिप्सच्या पुडक्यावरचं नाव सोडून खाली बारीक छापलेलं 'चिप्स' तिनं बोट ठेवून वाचलं, सी-एच मिळून च् हे न सांगता. आज्जी म्हणाली, "वाचूलालं की लेकरू!"

घ्यायचा तर घ्या, पण जोडाक्षरं येत नसतील तर थोडं थांबा, आणि नाईट, लाईट असल्या शब्दांचा पुढचा भाग सोबतच घेऊ नका, आमचा अजून पॅकच आहे.