पलाऊ: ब्लू कॉर्नर की बिग ड्रॉप-ऑफ?

प्रशांत महासागरातल्या पलाऊ या द्वीपदेशात एकच स्कूबा डाइव्ह करायची तर बहुतेक जण ब्लू कॉर्नर ही जागा सुचवतात. तिथे प्रवाह जोरात हवा. रीफ हुक (दोरीने स्वतःला जोडलेला आकडा) मेलेल्या प्रवाळाच्या खडकात अडकवायचा, तरंगायच्या जॅकेटमध्ये थोडी हवा भरायची आणि पतंगासारखं तरंगत समोरचे ग्रे रीफ शार्क बघायचे. (पलाऊने २००९ मध्येच आपला समुद्र शार्कचं अभयारण्य केला.) सवय नसेल तर मात्र दमछाक होते, टाकी भराभर रिकामी होते.

बिग ड्रॉप-ऑफ या दुसऱ्या जागेची पाण्याखालची प्रवाळभिंत अगदी उथळ पाण्यातून सरळ खाली उतरते. नवख्यांनी आधी इथेच यावं, फक्त खोलीवर लक्ष ठेवावं. तळ दिसतच नाही. मला हीच जास्त आवडते. समुद्रपंख्यापाशी (पंख्यासारख्या प्रवाळापाशी) शांत थांबलात, तर लाल-पांढऱ्या चौकटींचा, लांब नाकाचा हॉकफिश हा छोटा मासा त्याच्या फांदीवर टेकलेला सापडतो.