बंदूक तर आलीच नाही, वर माझ्याच परवान्यावर जालन्याचा एक माणूस फसला

ऑक्टोबर २०२४, आचारसंहिता लागायच्या दोन-तीन दिवस आधीची गोष्ट. सकाळी साडेसहाला फोन. पलीकडे जालन्याकडचा एक शेतकरी, आणि डायरेक्ट चढलाच, "ओ साहेब, पैसे घेऊन तीन आठवडे झाले, माझ्या बंदुकीचं काय करायलात तुम्ही?" मला वाटलं राँग नंबर. त्याने माझं पूर्ण नाव घेतलं, वडलांचं नाव, गाव, तालुका कुडाळ, परवाना नंबर, सगळं घडाघडा. परवान्यावरच्या पत्त्यावरून त्याने आमच्या पोलीस पाटलाला गाठलं होतं आणि त्यांच्याकडून माझा नंबर मिळवला होता. हातपाय गार पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं, कारण त्याच महिन्याभरात मी स्वतः ३३,५०० रुपये घालवून बसलो होतो आणि घरात बायको सोडून कोणाला बोललो नव्हतो.

आता पहिल्यापासून सांगतो. आमच्याकडे वडलांची ठासणीची बंदूक होती, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, केपाची, शेतीसंरक्षण परवान्यावरची. सिंधुदुर्गात गावोगाव अशा बंदुका आहेत, शिकारीचा शौक म्हणून नाही, भात पोटरीला आलं की रानडुकरं रात्रीत अर्धा कुणगा, म्हणजे भाताचा वाफा, लोळवून टाकतात आणि माडावर वानरं, म्हणून. बार काढला की कळप तेवढ्यापुरता पळतो, एवढाच उपयोग, मारायचं म्हटलं तर वनखात्याची परवानगी वेगळी. वडील गेल्यावर वारसाने परवाना माझ्या नावावर झाला पण नळी आतून खाऊन गेलेली, तिच्यात दारू भरायची भीती वाटायची. म्हणून अर्ज करून, सातबारा, पोलीस रिपोर्ट, ओरोसच्या कलेक्टर ऑफिसच्या चकरा असं सगळं करून बाराबोर, म्हणजे काडतुसाची बंदूक, घ्यायची परवानगी मिळवली. परवान्यावर तशी नोंद आणि खरेदीची मुदत. कोल्हापूरला दुकानात जाऊन नवीन बंदुकीची किंमत विचारली आणि चहा पिऊन परत आलो.

गणपतीला पुतण्या मुंबईहून आला होता. तो म्हणाला काका सेकंडहँड बघा ना ऑनलाइन, गाड्या मिळतात तशा ह्याही मिळतात. आणि खरंच होती जाहिरात. वेब्ली अँड स्कॉट, डबल बार म्हणजे दोन नळ्यांची, इंग्लंडची बनावट, किंमत ८५ हजार. ज्याला ह्यातलं माहीत आहे त्याला कळेल की इंग्लिश बंदूक म्हटल्यावर माणूस का पाघळतो, बाहेरून हत्यारं आणणं ऐंशीच्या दशकापासून सामान्य माणसाला बंदच झालंय, त्यामुळे देशात जेवढ्या जुन्या आहेत तेवढ्याच फिरतात आणि भाव खातात. ८५ हजार ही किंमतच मुळात खोटी होती हे आता कळतं, तेव्हा मला वाटलं नशीब उघडलं.

विकणारा म्हणे साताऱ्याकडचा, सुभेदार म्हणून रिटायर झालेला. बोलणं इतकं अदबीचं की मीच त्याला साहेब साहेब करत होतो. का विकताय विचारलं तर त्याने कायदाच सांगितला, २०१९ ला आर्म्स अ‍ॅक्ट बदलला, आधी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची आता दोनच, माझ्याकडे तीन आहेत, तिसरी चांगल्या माणसाच्या हातात जावी. मी वर्तमानपत्रात वाचलेलं होतं ते, खरंच आहे तसा बदल. त्यामुळे विश्वास बसला. पण त्या कायद्यातच लिहिलंय की जादाचं हत्यार एका वर्षाच्या आत पोलीस स्टेशनला किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायचं, म्हणजे ती मुदत २०२० च्या डिसेंबरातच संपली. तर २०२४ च्या सप्टेंबरात ह्याच्या घरी तिसरी बंदूक काय करत होती? हा प्रश्न मला डिसेंबरात सुचला, पैसे गेल्यावर. अर्धं खरं सांगणारा माणूस पूर्ण खोटारड्यापेक्षा डेंजर, एवढंच म्हणतो.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी, ती नीट वाचा. खाजगी माणसाने खाजगी माणसाला बंदूक विकायला बंदी नाहीये. पण आर्म्स अ‍ॅक्ट १९५९, कलम ५, त्यात आहे की विकणाऱ्याने आधी जिल्हा मॅजिस्ट्रेटला किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव पत्ता देऊन, आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचं, मगच हत्यार द्यायचं. मला हे ४५ दिवस माहीत होते, अगदीच अडाणी नव्हतो. मी विचारलं पण. तर तो म्हणाला, "नोटीस मी जुलैमध्येच दिलीय, दिवस भरलेत, तुम्ही फक्त टोकन टाका, आचारसंहिता लागली की सगळ्यांच्या बंदुका जमा करतील, मग बसा डिसेंबरपर्यंत." आणि आचारसंहितेची भीती आम्हाला खरीच असते, लोकसभेला मे महिन्यात आमच्या गावातल्या बंदुका पोलीस स्टेशनला होत्या, विधानसभा समोर दिसत होती. मी घाईत आलो. अहो पण नोटिशीत घेणाऱ्याचं नाव लागतं ना! जुलैमध्ये त्याला माझं नाव कुठून माहीत, मी तर जाहिरात बघितली गणपतीत. हे गणित दहावीतल्या पोराने पण सोडवलं असतं.

टोकन १५ हजार. यूपीआयवर नाव कुठल्यातरी बाईचं आलं, म्हणाला मिसेसचं खातं आहे. मग त्याने माझा परवाना मागितला, दोन्ही बाजू, यूआयएन म्हणजे परवानाधारकाचा ओळख नंबर स्पष्ट दिसेल असा, सोबत आधार. "कलेक्टर ऑफिसला तुमच्या नावाने ना-हरकत काढायचीय." मी पाठवला. सगळ्यात मोठी चूक ही, पैशापेक्षा मोठी. बदल्यात त्याचाही परवाना आला, शिक्का बिक्का सगळं बरोबर, फोटो जरा अस्पष्ट. तो परवाना पण कुणाचा असेल आता तुम्हीच ओळखा. माझ्याआधी फसलेल्या कुणातरी गिऱ्हाइकाचा. आणि माझा गेला पुढच्याकडे, जालन्याला. साखळी आहे ही, प्रत्येक फसलेला माणूस पुढच्यासाठी विक्रेता होतो आणि त्याला पत्ताच नसतो.

त्यानंतर ६,५०० ना-हरकतीची फी. चलनाचा फोटो आला, वर अशोकस्तंभ. मग १२ हजार, हत्यार वाहतुकीचा परवाना आणि इन्शुरन्स, हे रिफंडेबल आहेत म्हणे, बंदूक हातात पडली की परत. कसली बंदूक हातात पडते, बाराबोर काय पार्सलने दारात येते काय? माझ्या वडलांचे चुलतभाऊ आबाकाका, वय ७८, ह्यांच्याकडे पन्नास वर्षं बंदूक आहे, त्यांना मी शेवटी फोटो दाखवले कारण चौथ्यांदा फोन आला होता, गाडी कोल्हापूरच्या नाक्यावर अडकलीय, १८,५०० टाका. आबाकाकांनी चष्मा लावला आणि पहिलं वाक्य, "मेल्या, बंदूक काय कोंबडो आसा, पिशयेत घालून धाडूक?" मग मोबाईल डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ फोटो बघत राहिले. एका फोटोत नळीवर भोवऱ्यासारखी नक्षी, दुसऱ्या फोटोत नळी सरळ काळी साफ. म्हणाले, "हेच्यात दोन बंदुको आसत रे."

दोन वेगवेगळ्या बंदुकांचे फोटो एकत्र करून लावले होते! आणि मी पंधरा दिवस तेच फोटो झोपताना बघत होतो. पुतण्याला सांगून फोटो नेटवर उलटा शोधला तर त्यातली नक्षीवाली निघाली इंग्लंडमधल्या कुठल्याशा लिलावातली.

आबाकाकांनी त्या दिवशी जे सांगितलं ते इथे टाकतो कारण खरी बंदूक समोर असली तरी माणूस फसतोच, फक्त फसवणूक वेगळी. ती भोवऱ्याची नक्षी म्हणजे डमास्कस नळी, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडून केलेली, काळ्या दारूच्या जमान्यातली. दिसायला एक नंबर पण आजचं काडतूस तिच्यात घालायचं धाडस करू नका, नळी फुटली तर डावा हात जातो. जुन्या इंग्लिश बंदुकांचं घर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, पुष्कळदा अडीच इंची असतं, म्हणजे ६५ एमएम, आणि आता मिळतात ती काडतुसं बहुतेक ७० एमएमची, ती आत बसतात बरं का, बसतात म्हणूनच धोका, उडताना उघडायला जागा राहत नाही आणि प्रेशर वाढतं. नळ्या काढून उजेडाकडे धरायच्या, आत खड्डे दिसतात का, आणि सावलीची वर्तुळं वाकडी दिसली तर कुठेतरी नळीला पोचा आहे समजायचं. नळ्यांच्या खालच्या हुकात बोट घालून त्या टांगायच्या आणि नखाने टिचकी मारायची, घंटेसारखा आवाज आला तर जोड पक्के, बद्द वाजलं तर वरची पट्टी सुटलीय. मग जोडून, पुढचं लाकूड काढून, दस्ता धरून हलवायची, बिजागरीत खुळखुळली तर खर्च आहे. आणि सगळ्यात आधी नंबर. नळीवरचा नंबर, बॉडीवरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर जुळला पाहिजे, एक आकडा जरी इकडेतिकडे असला तरी तपासणीला नेल्यावर तुमच्या परवान्यावर चढणार नाही आणि मग उत्तरं तुम्ही देत बसा. देवगडच्या आमच्या एका पाहुण्याचं हेच झालंय, कागद सगळे कायदेशीर, माणूस खरा, पण बंदुकीला मागे कधीतरी दुसरीच नळी बसवलेली. वर्ष झालं, बंदूक डीलरकडे पडून आहे आणि भाडं हा भरतोय. तपासून घ्यायचंच असेल तर दोघांनी आपापले मूळ परवाने घेऊन डीलरच्या दुकानात समोरासमोर बसायचं, डीलर थोडे पैसे घेतो, घेऊ दे.

तर माझं. आबाकाकांनी सांगितल्यावर मी चौथे पैसे टाकले नाहीत, पण पोलिसातही गेलो नाही. का? परवान्याची भीती. डोक्यात हेच की बंदुकीच्या व्यवहारात माझं नाव आलं तर आधी माझाच परवाना रद्द करतील, इतक्या चकरा मारून मिळवलेला. मला वाटतं ह्या लोकांना नेमकं हेच माहीत आहे. मोबाईल नाहीतर सोफा विकत घेताना फसलेला माणूस त्याच दिवशी बोंबलतो, बंदूक घेताना फसलेला गप्प बसतो. म्हणून तर बंदूक निवडली त्यांनी. मी असा अकरा दिवस गप्प बसलो, आणि १९३० ह्या सायबर हेल्पलाइनवर पहिल्या काही तासात फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात जायच्या आधी अडवता येतात, हे मला माहीतसुद्धा होतं, रेडिओवर रोज लागतं.

जालन्यावाल्याचा फोन आला तेव्हा मात्र पर्याय राहिला नाही. त्याने तर माझ्यावरच तक्रार द्यायची तयारी केली होती. त्याला अर्धा तास लागला पटायला की मी पण त्याच्याच रांगेतला. त्याचे २२ हजार गेले होते, कापूस विकायच्या आधीचे, उसने काढलेले. वाईट वाटलं. त्याच्याकडे असलेला परवान्याचा फोटो त्याने मला पाठवला, माझाच परवाना, फोटोच्या जागी जरा पुसट केलेलं, बंदुकीच्या रकान्यात मात्र ठासणीची काढून डबल बार टाइप केलेलं.

पोलीस स्टेशनला छाती धडधडत गेलो. तिथल्या हवालदारांनी एकच प्रश्न विचारला, "बंदूक घरात आली का? नाही ना? मग घाबरताय कशाला, आली असती तर घाबरायचं होतं." खरंच होतं ते. कागदाशिवाय एखादी खरी बंदूक कुणी आणून दिली असती तर मी फिर्यादी नसतो, आरोपी असतो. परवाना असला तरी त्याच्यावर न चढलेली बंदूक ती बेकायदाच. त्यांनी तक्रार घेतली, भारतीय न्याय संहितेचं ३१८ म्हणजे फसवणूक आणि आयटी अ‍ॅक्टचं ६६ डी म्हणजे ऑनलाइन दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं, सायबर तक्रारीच्या पोर्टलवरही नोंद केली. आणि मला वेगळा अर्ज द्यायला लावला, एक पोलिसांना एक ओरोसला, की माझ्या परवान्याच्या प्रतीचा गैरवापर होतोय. हा अर्ज ज्यांनी ज्यांनी अनोळखी माणसाला परवान्याचा फोटो पाठवलाय त्यांनी आजच देऊन ठेवा, पैसे गेले असोत नसोत. आणि प्रत पाठवावीच लागली तर तिच्यावर आडवं मोठ्या अक्षरात लिहा की अमुक माणसाला अमुक तारखेला अमुक कामासाठी दिली, अर्धा परवाना झाकला गेला तरी चालेल.

बँकेकडून कळलं की माझ्या पैशातले १,९४० रुपये एका खात्यात होल्ड झालेत. बाकीचे गेले. ती मिसेस कोण ते अजून कळलेलं नाही, जिच्या नावावर खातं होतं ती बाई म्हणे दुसऱ्याच राज्यात घरकाम करते आणि तिला खातं आहे हेच नीट माहीत नव्हतं.

जालन्यावाले आता अधूनमधून फोन करतात, तुमच्याकडे पाऊस कसा आहे, आमच्याकडे डुकरांनी मका खाल्ला वगैरे. माझी खरेदीची मुदत ह्या भानगडीत संपली, मुदतवाढीचा अर्ज ओरोसला पडलाय. परवा फोन करून विचारलं तर म्हणाले सातबारा जुना झाला, ताजा आणा. तलाठी सोमवारपर्यंत रजेवर आहेत. तोपर्यंत शेतात पत्र्याचे डबे बांधलेत आणि रात्री दोनदा उठून मीच बडवतो.