कॅन्सरची परिषद: प्रत्यक्ष जायचं की घरून ऐकायचं?

गेल्या आठवड्यात आमच्याकडची एक पीजी विद्यार्थिनी विचारत होती, "मॅडम, परदेशातल्या परिषदेत माझं पोस्टर (म्हणजे संशोधन एका मोठ्या तक्त्यावर मांडून समोर ठेवायचं) स्वीकारलंय. जाऊ, की ऑनलाइनच सादर करू?" तिला जे सांगितलं तेच सविस्तर लिहिते, कारण मी दोन्ही करून पाहिलंय. 2021 ची आस्को ही अमेरिकेतली मोठी परिषद कोरोनामुळे पूर्ण ऑनलाइन होती. ती मी अंबाजोगाईत घरी बसून ऐकली. 2022 च्या सप्टेंबरात एस्मो या युरोपीय परिषदेला पोस्टर घेऊन पॅरिसला गेले.

फक्त ऐकायचं असेल तर घरच बरं. आस्को 2022 मध्ये स्तनाच्या कॅन्सरवरच्या 'डेस्टिनी-ब्रेस्ट04' चाचणीचे निकाल मांडले, तेव्हा सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. पण तो पेपर त्याच दिवशी न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्धही झाला. आकडे कुणाचे हुकत नाहीत. शिवाय रेकॉर्डिंग मागे नेता येतं, सबटायटल लावता येतात. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकून डॉक्टर झालेल्या आपल्या मुलांना परदेशी उच्चार पहिल्या फटक्यात कळत नाहीत, त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे. प्रत्यक्ष गेलात तर एका वेळी चार सभागृहांत चार विषय चालू असतात आणि त्यातले तीन सोडावे लागतात.

घरून ऐकण्यात अडचण वेळेची. आस्को जिथे भरते ते शिकागो उन्हाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं, म्हणजे तिथली दुपारी एकची सभा आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू होते. दिवसभराची ओपीडी उरकून तेव्हा बसायचं, त्यात जूनचं पहिलं वादळ आलं की लाइट जाणार. युरोपचा फरक साडेतीन तासांचाच, पण मग तिथली सकाळ नेमकी आपल्या कामाच्या वेळेत येते. पॅरिसला निघाले तेव्हा वॉर्डातून कुणी फोन केला नाही. ऑनलाइन परिषदेत मात्र दर अर्ध्या तासाला फोन यायचा. घरीच आहे म्हटल्यावर माणूस मोकळं आहे असं सगळे धरून चालतात.

खर्चाचं थोडक्यात सांगते. पॅरिसला मला सगळं मिळून दोन लाखांच्या आसपास लागले, अमेरिकेला त्याहून जास्त धरा. फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी आता 90 युरो आहे आणि निदान 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला एक फेरी वेगळी पडते. मी लातूरहून रात्रीची गाडी धरून मुंबईला गेले होते. सरकारी नोकरीत असाल तर परदेशी जाण्याच्या परवानगीचा अर्ज सगळ्यात आधी टाका. तिकीट नंतर काढलं तरी चालतं. एएनआरएफ (आधीचं एसईआरबी) आणि आयसीएमआर या संशोधनाला पैसे देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्था प्रवासासाठी मदत देतात, पण ती पेपर किंवा पोस्टर सादर करणाऱ्यांना. आस्कोचा 'आयडिया' पुरस्कार आपल्यासारख्या देशांतल्या तरुण कॅन्सरतज्ज्ञांसाठीच आहे. नोंदणी फीमध्येही आपल्या देशाला बऱ्याच ठिकाणी सवलत असते, ती विचारून घ्या.

आता खरा फरक.

माझं पोस्टर ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सर तपासणीवर होतं. कापडावर छापून घेतलं होतं, साडीसारखी घडी करून बॅगेत गेलं. टाचण्या लावून उभी राहिले आणि पहिला अर्धा तास कुणी फिरकलं नाही. मग एक बाई थांबल्या, मी कुठली ते विचारलं. "उस्मानाबादच्या शेजारची," म्हटलं. त्या लगेच म्हणाल्या, "तेच उस्मानाबाद?"

तेच. आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून 52 गावसमूहांतल्या 1,31,746 बायकांवर तपासणीच्या पद्धतींची चाचणी झाली. एकदाच एचपीव्ही (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो तो) तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले. हा पेपर 2009 मध्ये आला आणि या विषयातले लोक आजही तो ओळखतात. आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? कळंब-भूमच्या बायकांनी जगाला दिलेली ही गोष्ट मला पॅरिसमध्ये नव्याने कळली.

त्या बाई झांबियातल्या, हेच काम करणाऱ्या. मी त्यांना कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल म्हणजे मुकादमाकडून आधीच घेतलेले पैसे, दिवाळीच्या सुमाराला गेलेली माणसं गुढीपाडव्याच्या आसपास कशी परततात, सगळं मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि आकड्यांवर बोट ठेवून विचारलं, "गर्भाशय काढलेल्या बायका तुम्ही छेदात धरल्या आहेत का?"

धरल्या होत्या. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर 2019 मध्ये सरकारला समिती नेमावी लागली, हे ठाऊक असूनही धरल्या होत्या. ज्यांना हा कॅन्सर होण्याचा संभवच उरला नाही, त्या आमच्या 'तपासणी न झालेल्या' यादीत बसल्या होत्या. आमचं सगळं प्रमाण त्यामुळे चुकत होतं. परत आल्यावर आम्ही फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला: गर्भाशय आहे का.

हा प्रश्न ऑनलाइन आला नसता, असं मी खात्रीने म्हणते. 2021 मध्ये मी चॅटमध्ये दोन प्रश्न टाकले होते, वेळ संपली आणि ते तसेच राहिले. ऑनलाइन पोस्टर कुणी उघडलं तरी आपल्याला कळत नाही, आणि आपल्या आकड्यावर बोट ठेवायला समोर माणूस नसतो.

इंग्रजीची भीती ज्यांना वाटते त्यांना सांगते, व्यासपीठावर ती खरी आहे, पोस्टरपाशी नाही. तिथे निम्म्या लोकांचं इंग्रजी आपल्यासारखंच असतं.

विद्यार्थिनीला मी जायला सांगितलं. तिचं काम स्वतःचं आहे आणि प्रश्न अंगावर घ्यायची तिची तयारी आहे. तिच्याच बॅचचा एक मुलगा नुसतं ऐकायला यायचं म्हणत होता; त्याला ऑनलाइन नोंदणी करायला सांगितली आणि उरलेल्या पैशांत मुंबईची एखादी परिषद गाठ म्हटलं, तीही पोस्टर घेऊन. विद्यार्थिनीचा पासपोर्ट अजून निघालेला नाही. उद्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात जाणार आहे.